चू. भू. द्या. घ्या.

आमच्या लहानपणी वाण्याच्या बिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘चू. भू. द्या. घ्या.’ असे छापलेले असे. मला कितीतरी वर्षे तो वाण्याचा कुलमंत्र वाटे. पुढे वडिलांनी अर्थ सांगितला : “अरे, चूकभूल द्यावी घ्यावी. हिशेबात चूक झाली तर आपण त्याला द्यायचे, नाहीतर त्याने आपल्याला द्यायचे.” एवढे सांगून त्यांनी बिलाची बेरीज पुन्हा करून पाहिली, कारण आमच्या वाण्याच्या चुका कधी ‘द्यावी’च्या बाजूला होत नसत. त्या सगळ्या ‘घ्यावी’च्या.

मी मोठा झालो, बी.कॉम. झालो (दुसरा वर्ग, प्रथम वर्ग तीन गुणांनी हुकला, आणि ती चूक माझी नव्हे, तपासणाऱ्याची असे आमची आई अजून म्हणते) आणि बँकेत चिकटलो. बोरीवलीच्या आमच्या शाखेत मी कॅशला बसतो. बँकेत ही चार अक्षरे चालत नाहीत. बँकेत चूक द्यायचीही नसते आणि घ्यायचीही नसते. चूक शोधायची असते. मी नोकरीला लागलो तेव्हा जाडजूड लेजरे होती आणि पस्तीस पैशांचा फरक सापडेना म्हणून आम्ही सात माणसे रात्री साडेनऊपर्यंत बसलेलो मला आठवते. त्या रात्री चहा-वड्यांवर खर्च झालेले पैसे धरले तर पस्तीस पैसे आम्हाला फार महाग पडले. पण मेळ लागला तेव्हा मॅनेजरसाहेबांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, की जणू त्यांच्या मुलीचे लग्न ठरले.

अशा माणसाने विरंगुळ्यासाठी कोणता छंद जोडावा? पोहणे, बागकाम, बुद्धिबळ? मी चुका गोळा करतो. चुकलेली नाणी.

याचे पाप आमच्या मजल्यावरच्या अण्णांच्या माथी आहे. अण्णा निवृत्त झाले आणि त्यांनी घरात नाण्यांचे अल्बम भरायला सुरुवात केली. एका रविवारी मी साखर मागायला गेलो (आमच्या हिने पाठवले होते, साखर हे निमित्त, अण्णांकडे कोण पाहुणे आले आहेत ते बघायचे होते) तर अण्णा डोळ्याला भिंग लावून एका पुस्तकातला फोटो बघत होते. मला म्हणाले, “हे बघ. रोमन बादशहा. आणि त्याच्याच नाण्यावर अक्षरे चुकलीत!”

मी बघितले. माझ्या पोटात कसेतरीच झाले. अहो, आमच्याकडे चेकवर खातेदाराच्या नावाचे एक अक्षर चुकले तर चेक परत जातो. इथे साक्षात बादशहाच्या नावाचा चेक दोन हजार वर्षे बिनबोभाट वटत आला होता!

अण्णांनी मग मला सगळे समजावून सांगितले. त्या काळी नाणे म्हणजे हातोड्याचे काम. खाली एक ठसा, वर एक ठसा, मध्ये धातूची चकती, आणि वरून दणका. ठसा कोरणाऱ्याला अक्षरे उलटी कोरावी लागत, आपल्या रबरी शिक्क्यावर असतात तशी. त्यातून कारागिराला लिहिता-वाचता येत असेलच असे नाही. अक्षर म्हणजे त्याच्या दृष्टीने एक नक्षी. इसवी सन १९३ मध्ये तर रोममध्ये एका वर्षात पाच जणांनी आपण बादशहा असल्याचे सांगितले. त्यांतला एक पेसेनिअस नायजर. हा सीरियाचा सुभेदार. अँटिओकला याने स्वतःला बादशहा करून घेतले आणि पहिले काम काय केले, तर स्वतःची नाणी पाडली. फौजेला पगार द्यायचा होता. पूर्वेकडचे ग्रीक वळणाचे कारागीर, लॅटिन मजकूर आणि पगाराची तारीख तोंडावर! मग काय व्हायचे? त्याच्या नाण्यांवर अक्षरे गळली आहेत, उलटली आहेत, भलत्याच जागी जाऊन बसली आहेत. पुढच्याच वर्षी, १९४ मध्ये, नायजर लढाईत हरला आणि मारला गेला. तेव्हा नाणी दुरुस्त करायची वेळच आली नाही. आज ती चुकलेली नाणी मिळवायला लोक धडपडतात.

रोमन नाण्यांच्या किमती ऐकल्यावर मी मनातल्या मनात माझ्या महागाई भत्त्याशी त्यांची तुलना केली आणि साखर घेऊन घरी आलो. पण किडा शिरला होता. मग अण्णांनीच सांगितले, “अरे, रोमला कशाला जातोस? चुका करायला आपले लोक काय कमी आहेत?”

खरेच की! आमच्या बोरीवलीचेच घ्या. ‘बोरीवली’ की ‘बोरिवली’ हे अजून ठरलेले नाही. एका पाटीवर री दीर्घ, दुसऱ्या पाटीवर ऱ्हस्व, आणि इंग्रजीत मधला ‘ए’ कधी असतो तर कधी विरार फास्टने निघून गेलेला असतो. ज्या गावाला स्वतःचे नाव नक्की लिहिता येत नाही त्या गावात मी इतरांच्या चुका शोधायचा पगार घेतो.

आणि या चुकांची परंपरा मोठी जुनी आहे. नहपान नावाचा क्षत्रप राजा होता. नाशिककडे त्याचा अंमल. त्याच्या चांदीच्या नाण्यांवर तीन लिप्या आहेत : ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी. ग्रीक लिपीतही मजकूर आपलाच, प्राकृत. म्हणजे आपण मोबाइलवर रोमन लिपीत ‘कसा आहेस’ लिहितो तसे. नहपानाच्या वेळी ती ग्रीक अक्षरे निदान वाचता तरी येत होती. पुढच्या क्षत्रपांच्या काळात ग्रीक जाणणारे कोणी उरले नाही. पण आजोबांच्या नाण्यावर होती म्हणून अक्षरे चालू राहिली. एकाने दुसऱ्याचे बघून कोरले, दुसऱ्याचे तिसऱ्याने. होता होता अक्षरांच्या नुसत्या रेघोट्या झाल्या. कोणाला अर्थ कळत नव्हता आणि काढून टाकायची हिंमत कोणात नव्हती. आमच्या बँकेतल्या काही फॉर्मांमधले रकाने याच जातीचे आहेत.

या नहपानाच्या जावयाचे, उषवदाताचे, मला विशेष प्रेम आहे, कारण तो आमचा खातेदार शोभला असता. नाशिकच्या लेण्यांत त्याचा शिलालेख आहे. त्याने भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापणांची कायमची ठेव गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. दोन हजार दरमहा शेकडा एक दराने, एक हजार दरमहा शेकडा पाऊण दराने. म्हणजे वर्षाला बारा टक्के आणि नऊ टक्के! मूळ रकमेला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचे. आमच्या बोरीवलीच्या डोंगरात, कान्हेरीच्या लेण्यांतही अशा ‘अक्षयनीवीं’चे उल्लेख कोरलेले आहेत. मी रविवारी तिथे जातो तेव्हा लोक माकडांचे फोटो काढतात आणि मी दगडावरच्या मुदत ठेवींपुढे हात जोडून उभा राहतो.

पण माझ्या खिशाला परवडली ती शिवराई. तांब्याची. महाराजांच्या काळापासून पुढे पेशवाईतही चालू राहिलेली. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. आता हा मजकूर किती, तर अक्षरे मोजून नऊ. पण आपल्या लोकांनी त्यात काय वैविध्य आणले आहे! कुठे ‘शिव’, कुठे ‘शीव’, कुठे ‘सिव’, कुठे ‘सीव’. कुठे ‘पति’, कुठे ‘पती’. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला जस्टिन अ‍ॅबट नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याने या शिवराया हजारोंनी गोळा करून त्यांचे नमुने एकापुढे एक मांडले. याच गृहस्थाने पुढे महिपतीचा ‘भक्तविजय’ आपल्या एका मराठी सहकाऱ्याच्या जोडीने इंग्रजीत नेला. धर्मप्रसाराला आलेला माणूस आपल्या ऱ्हस्व-दीर्घात अडकून पडला याचे मला फार समाधान वाटते. तो भोवरा तसाच आहे.

आणि इथेच माझ्या डोक्यात पहिला प्रश्न आला. संस्कृतप्रमाणे ‘पति’ ऱ्हस्व. म्हणजे ‘छत्रपति’ कोरणारा कारागीर शहाणा आणि ‘छत्रपती’ कोरणारा अडाणी. ठीक. पण १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले आणि त्यांत असे ठरले, की असल्या शब्दांचा शेवटचा इकार दीर्घ लिहावा. झाले! एका रात्रीत शहाणा चुकला आणि अडाणी बरोबर ठरला. तो बिचारा शेकडो वर्षे आधीच महामंडळाचे नियम पाळत होता. त्याला त्याच्या मुकादमाने रागावले असेल, कदाचित रोजही कापला असेल. आता तो कापलेला रोज कुठल्या खात्यातून परत द्यायचा?

हसू नका. मी बँकेतला माणूस आहे. पैसे कापले म्हणजे ते कुठेतरी जमा झालेच पाहिजेत.

असो. आता मुख्य गोष्ट सांगतो. ती सांगायची लाज वाटते म्हणूनच इतका वेळ इतिहास सांगत बसलो होतो.

आमच्या शाखेत गोराईहून एक मावशी येतात. मासळी विकतात. त्या पैसे भरायला आल्या की सगळी कॅश खिडकी एकदम कामात गढून जाते, कारण मावशींच्या पिशवीत नोटा कमी आणि नाणी फार. शिवाय ती नाणी कुठून आली हे डोळे मिटूनही सांगता येते. त्या सोमवारी त्या माझ्या वाट्याला आल्या. मी नाणी मोजत होतो. मोजता मोजता पाच रुपयांचे एक नाणे हाताला वेगळे लागले. उलटे करून बघितले. एका बाजूला सिंह. दुसऱ्या बाजूलाही सिंह! पण हा दुसरा उलटा आणि आत खोल गेलेला. मोदक आणि मोदकाचा साचा एकाच नाण्यावर.

मी ओळखले. टांकसाळीत आधीचे नाणे ठशाला चिकटून राहते आणि पुढच्या चकतीवर ठशाऐवजी त्या चिकटलेल्या नाण्याचीच छाप उमटते. रोमन नाण्यांतही ही चूक सापडते. अण्णांच्या पुस्तकात फोटो होता. हातोड्याच्या काळात हे होत असे. यंत्राच्या काळात, तपासणी होऊन बाहेर पडलेल्या नाण्यात, म्हणजे लाखांत एक.

माझे हृदय कॅश मोजायच्या यंत्रासारखे फडफडू लागले. मी मावशींकडे बघितले. त्या दुसरीकडे बघत होत्या. मी खिशातून साधे पाच रुपये काढले, कॅशमध्ये टाकले आणि ते नाणे खिशात घातले. कॅशियरने सकाळी आपल्या खिशातली रक्कम वहीत लिहायची असते. मी लिहिली होती. संध्याकाळी मोजली असती तर तीच भरली असती. पाच रुपये नावे, पाच रुपये जमा. मेळ चोख!

अण्णांनी नाणे बघितले आणि खुर्चीतून उठून उभे राहिले. अण्णा राष्ट्रगीताला सोडून कशालाही उठत नाहीत. म्हणाले, “सात-आठ हजार कुणीही देईल.”

रात्री मी सौ.ला सांगितले. ती म्हणाली, “म्हणजे त्या मावशीचे आठ हजार तुम्ही घेतले?”

“छे! मी पाच रुपये घेतले आणि पाच रुपये दिले.”

“मग अण्णा कशाचे आठ हजार देणार आहेत?”

बायकोने वाणिज्य शाखेचे शिक्षण घेतलेले नसावे, हे बरे. नाहीतर संसार म्हणजे कायमचे ऑडिट. मी तिला समजावून सांगितले, की १८७८ चा गुप्त धनाचा कायदासुद्धा दहा रुपयांहून जास्त किमतीचे धन सापडले तरच सरकारला कळवा म्हणतो. माझे तर पाचच रुपयांचे होते. ती म्हणाली, “तो कायदा जमिनीत पुरलेल्या धनाचा ना? मावशीची पिशवी काय जमिनीत पुरलेली होती?” आणि दिवा मालवून झोपली. मी मात्र अंधारात हिशेब करीत राहिलो. सगळे बरोबर येत होते. फक्त एक रक्कम कुठेच मांडता येत नव्हती. मला माहीत होते आणि मावशींना माहीत नव्हते. या माहितीचे खाते आमच्या लेजरात नाही.

गुरुवारी दुसरा प्रकार घडला. आमच्याकडे एक मुलगी नवीनच लागली आहे. हुशार, चटपटीत, सहा महिनेही झाले नसतील. संध्याकाळी तिची कॅश नऊ हजारांनी कमी आली. आता नऊ हजार म्हटल्याबरोबर माझ्यातला बी.कॉम. जागा झाला. फरकाला नऊने नि:शेष भाग गेला की आकड्यांची अदलाबदल झाली का ते पाहावे, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवलेले. मी तिच्या स्लिपा चाळल्या. पाचव्या मिनिटाला सापडले. पंचेचाळीस हजारांची स्लिप. हिने संगणकात पंचेचाळीस भरले आणि हातातून चोपन्न दिले. पाचशेचे शंभराचे बंडल आणि वर चार सुट्ट्या द्यायच्या तशा आठ नोटा!

मला फार आनंद झाला. खोटे कशाला सांगू? शिकाऱ्याला होतो तसा. मग मी तिला सगळ्यांसमोर पंधरा मिनिटे व्याख्यान दिले. एकाग्रता, जबाबदारी, आजकालची पिढी, मोबाइल, आम्ही लेजरे कशी लिहीत होतो, पस्तीस पैसे, रात्रीचे साडेनऊ. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, “सर, मी भरते पैसे,” आणि पाणी प्यायला म्हणून आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. शिपाई येऊन म्हणाला, “साहेब, ती रडतीय.”

रात्री जेवण झाल्यावर मी सवयीप्रमाणे भिंग काढले आणि सिंहाचे नाणे बघायला बसलो. किती सुंदर चूक! उलटा सिंहसुद्धा कसा रेखीव! आणि एकदम भिंग हातातून खाली ठेवले. मला वाटले, अरे, दुपारी आपण एका चुकीवर ओरडलो आणि रात्री एका चुकीला कुरवाळतो आहोत. या दोन चुकांत फरक काय?

जुनी चूक चांगली म्हणावी, तर माझे नाणे जुने नव्हते. माझ्या धाकट्याहून ते लहान. दुर्मीळ चूक चांगली म्हणावी, तर त्या मुलीच्या हातून आजवर अशी एकच चूक झाली होती. तिच्याइतकी दुर्मीळ चूक बोरीवलीत दुसरी नव्हती, पण ती विकत घ्यायला कोणी आठ हजार देणार नव्हते, उलट तिच्याचकडून नऊ हजार वसूल होणार होते. मग उरले काय? एकच. नाण्याची चूक ज्याच्या हातून झाली तो टांकसाळीतला माणूस मला दिसत नव्हता. त्याला मेमो मिळाला असेल, नसेल. तो आत जाऊन रडला असेल, नसेल. चूक करणारा आणि चुकीने पोळलेला, दोघेही नजरेआड झाले की चूक सुंदर दिसायला लागते. पेसेनिअस नायजरच्या फौजेतला एखादा शिपाई ते वेडेवाकडे नाणे घेऊन दुकानात गेला असेल आणि दुकानदाराने ते त्याच्या अंगावर फेकले असेल. त्याचा अपमान भिंगातून दिसत नाही. म्हणजे माझा छंद चुका गोळा करण्याचा नव्हताच. माणसे गाळून चुका गोळा करण्याचा होता.

झोप येईना. आणि जी गोष्ट मी वीस-बावीस वर्षे कोणाला सांगितली नव्हती ती आठवली. मी नोकरीला लागलो त्या वर्षी एका निवृत्त मास्तरांचे पेन्शन मी त्याच आडनावाच्या दुसऱ्या खात्यात लिहिले. तीन महिने! मास्तर दर महिन्याला यायचे, पासबुक बघायचे आणि काही न बोलता जायचे. आमच्या त्या वेळच्या हेडकॅशियरांच्या लक्षात आले. मी ब्लेड घेऊन आकडा खरवडायला निघालो होतो. त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, “खोडायचं नाही, बाळ. कापायचं. एकच रेघ, तीही अशी की खालचं वाचता आलं पाहिजे. वर बरोबर लिही आणि शेजारी सही कर. लेजरात चूक असली तर लाज नाही. सही नसली तर लाज.” मग स्वतः माझ्याबरोबर त्या मास्तरांच्या घरी आले. व्याख्यान दिले नाही. येताना मला उसाचा रस पाजला.

नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली नहपानाच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली छाप मारली आहे. नहपानाचा पराभव केल्यावर त्याला ती नाणी वितळवता आली असती. त्याने तसे केले नाही. वरून आपला ठसा मारला. पण खालचा नहपान पुसला गेला नाही. त्याचे नाक, कान, अर्धवट अक्षरे अजून दिसतात. मला ते आमच्या हेडकॅशियरांचेच काम वाटते. कापायचे, खालचे वाचता आले पाहिजे, आणि शेजारी सही.

शुक्रवारी मी त्या मुलीला चहाला बोलावले आणि मास्तरांची गोष्ट सांगितली. ती डोळे मोठे करून ऐकत राहिली. “तुम्ही, सर? तीन महिने?” तिच्या आवाजात जो आनंद होता तो मला मुळीच आवडला नाही, पण सुट्टी नोटेशिवाय हिशेब पुरा होत नाही. मग आम्ही दोघांनी त्या गिऱ्हाइकाला फोन केला. तो बांधकामाचा मुकादम होता, पैसे गवंड्यांत वाटून मोकळा झालेला. दुसऱ्या दिवशी येऊन पाच हजार देऊन गेला. बाकीच्यांचा त्यालाही हिशेब लागेना. उरलेल्या चारांत मी दोन घातले. यात औदार्य नव्हते. पंधरा मिनिटांच्या व्याख्यानाची फी परत केली, इतकेच.

आता मावशी. रविवारी सकाळी पिशवी घेऊन मासळी बाजारात गेलो. नाणे खिशात होते. मनात भाषण तयार होते. मावशींसमोर उभा राहिलो, नाणे पुढे केले आणि म्हणालो, “मावशी, सोमवारी तुम्ही पैसे भरलेत ना, त्यात हे होतं.”

मावशींचा चेहरा पडला. त्यांनी घाईघाईने कमरेचा बटवा सोडला, पाच रुपयांचे चांगले नाणे काढून माझ्या हातावर ठेवले आणि हळूच म्हणाल्या, “चुकलं माजं, सायेब. खोटं हाये ते, ठावं हुतं मला. चार दिस कोनी घेतच नव्हतं. म्हटलं बँकेत लय नाणी असतात, त्यात जाईल खपून. पन तेव्हापास्नं जिवाला घोर लागला. तुमच्या पगारातनं कापलं का वो?”

मी काही क्षण बोललोच नाही. पाच रुपयांसाठी या बाईच्या जिवाला आठवडाभर घोर, आणि मी आठ हजार खिशात घालून ‘मेळ चोख’ म्हणत झोपायचा प्रयत्न करीत होतो. त्या दुसरीकडे का बघत होत्या ते आता कळले. काउंटरच्या दोन्ही बाजूंना एकेक चोर बसला होता. फक्त तिकडचा जरा प्रामाणिक होता.

मग मी सगळे खरे सांगितले. नाणे खोटे नाही, टांकसाळीची चूक आहे, तिला किंमत येते, किती येते, आणि मी ते कसे उचलले. मावशींनी ऐकून घेतले. शेजारणीला हाक मारून तिलाही ऐकवायला लावले. दोघी इतक्या हसल्या की बांगड्यांवरच्या माशा उडाल्या. (बांगडे म्हणजे मासे, हे माझ्या सदाशिव पेठेतल्या वाचकांसाठी.) “चुकलेल्या नाण्याला आठ हजार? मंग सायेब, न चुकलेल्याला पाचच का वो?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. अजून नाही.

नाणे मी त्यांना दिले. अण्णांकडे या, ते गिऱ्हाईक बघून देतील, असे तीनदा सांगितले. मावशींनी ते बटव्यात टाकले आणि मला चार बांगडे जास्त घातले. घरी आल्यावर मी सौ.ला म्हणालो, “दिले परत.” ती म्हणाली, “बरं केलंत,” आणि मग थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून, “आठ हजार म्हणजे मिक्सर आला असता, नाही?”

तीन आठवड्यांनी मावशी पैसे भरायला आल्या. मी अधीरपणे विचारले, “नाण्याचं काय केलंत?”

“नातवाला दिलं. जपून ठेव म्हटलं, लय किमतीचं हाये.”

“मग?”

“त्यानं गोळ्या आनल्या. दुकानवाल्यानं बघितलंच न्हाई.”

तेव्हा वाचकहो, ते नाणे सध्या बोरीवलीत कुठेतरी पाच रुपयांना चालू आहे. कदाचित रिक्षावाल्याने आज सकाळी तुम्हाला सुट्ट्यात दिलेलेही असेल. खिसा बघा. दोन्ही बाजूंना सिंह असले तर ते कोणाचे, याचा विचार तुमचा तुम्ही करा. मला बोलावू नका. मी आता नाणी मोजताना फक्त मोजतो.

त्या मुलीने दुसऱ्या दिवशी वहीत चोपन्न कापून वर पंचेचाळीस लिहिले आणि शेजारी सही केली. खालचे चोपन्न अगदी स्वच्छ वाचता येते. माझ्या अल्बममध्ये ‘छत्रपती’ दीर्घ कोरलेली एक शिवराई आहे. तिच्याखालच्या चिठ्ठीवर मी ‘अशुद्ध’ असे लिहिले होते. तो शब्द एका रेघेने कापला, आणि सही केली. वर काय लिहायचे ते अजून ठरलेले नाही.

या लेखातही ऱ्हस्व-दीर्घाच्या आणि इतर चुका राहिल्या असतील. चू. भू. द्या. घ्या.